नाकासाठी आणलेली बाटली

आमच्या घरात दारूची बाटली आली ती नाकासाठी आली, प्यायला नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या इमारतीतल्या दोन-तीन बायका अजूनही मला लिफ्टमध्ये बघून उगाच हसतात. नल्लकुंट्यातलं आमचं घर म्हणजे चार पिढ्यांची सरकारी नोकरी आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. पाहुण्याने तंबाखूचं पान खाल्लं तरी सासूबाई खिडक्या उघडायच्या. मी स्वतः तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. अल्कोहोलशी माझी ओळख होती ती प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यापुरती.

नाक होतं ह्यांचं. आमचे हे जमीन-मोजणीच्या खात्यात होते. आयुष्यभर उन्हातान्हात शेतं मोजत हिंडले, त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, पण बोलणं अगदी कमी. मी लग्न होऊन परभणीहून इथे तेलुगू मुलखात आले तेव्हा पहिलं वर्षभर मला वाटायचं, ह्यांना मी पसंत नव्हते की काय. मग हळूहळू कळलं, हा माणूस तोंडापेक्षा नाकावर जास्त चालतो. खरबूज हुंगून सांगणार, गोड आहे की नुसतं पाणी. बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता ओरडणार, "तूप उतरव, झालं!" आणि तूप खरोखर तेवढ्यात झालेलं असायचं. एकदा तर ऑफिसातून येताना फाटकातूनच म्हणाले, "आज चिंच जुनी वापरलीस." मी दोन दिवस बोलले नव्हते. पण आमच्या घरात दूध कधी नासलेलं प्यायलं गेलं नाही आणि गॅस कधी उघडा राहिला नाही, ते त्या नाकाच्या जिवावर.

मग तो साथीचा ताप आला. आम्ही दोघंही त्यातून उठलो, ते काय कमी आहे, असं सगळे म्हणत होते आणि ते खरंच होतं. पंधरा दिवसांनी मी गॅसवर दूध ठेवून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. परत येते तो जिन्यातच जळका वास. धावत आत आले. पातेलं कोळशासारखं झालेलं, स्वयंपाकघरात धूर, आणि हे तिथेच टेबलापाशी बसून शब्दकोडं सोडवत होते. मी किंचाळले तेव्हा त्यांनी वर बघितलं. आधी धुराकडे, मग माझ्याकडे. तो चेहरा मी विसरणार नाही.

डॉक्टर म्हणाले, वासाच्या नसा दमल्यात. नाकाला तालीम द्या. लवंग, लिंबू, निलगिरी, असे ठसठशीत वास सकाळ-संध्याकाळ द्या. येईल, कदाचित नाही येणार. मी सगळं दिलं. हे आज्ञाधारकपणे हुंगायचे आणि मान हलवायचे. हळूहळू जेवण तुटलं. भाजी असो की पुठ्ठा, सारखंच लागतं म्हणायचे. शर्ट खांद्यावरून उतरायला लागले. बाजारात जाणं सुटलं. "मी कशाला? मला काय कळतंय आता," एवढंच. मला भीती वाटायला लागली. नाक गेल्याने माणूस जात नाही हे मला कळत होतं, पण माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस एकेक घास करत चालला होता.

दिवाळीला मुलगा बंगळूरहून आला. पिशवीतून त्याने एक बाटली काढली आणि तिच्याबरोबर एक काचेसारखं दिसणारं मुठीएवढं यंत्र. वरून नरसाळं, मध्ये कंबर, बाजूला दोन बारीक भोकं.

"रेड वाइन," तो म्हणाला. "आणि हा एरेटर. बाबांच्या नाकासाठी."

"दिवाळीत? या घरात?"

"आई, ऐक तर. वाइन बाटलीत बंद असते ना, तिचा वास झोपलेला असतो. यातून ओतली की बाजूने हवा आत खेचली जाते. मग एकदम ओपन होते. फळं, फुलं, मसाले, लाकूड, काय काय येतं तिच्यात. लवंगेत फक्त लवंग आहे. हिच्यात वीस वास आहेत. एखादा तर लागेल बाबांना."

हवा कालवण्यासाठी यंत्र लागतं याचं मला हसू आलं. आम्ही कॉफी वर्षानुवर्षं एका पेल्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतत आलो, तेव्हा कुणी शास्त्र सांगितलं नव्हतं. पण वीस वास म्हटल्यावर माझा विरोध मावळला. प्यायची नाही, फक्त हुंगायची, अशी अट घालून मी ती बाटली कपाटात ठेवली, द्राक्षासवाच्या मागे.

आणि मग आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. दिवेलागण झाली, देवापाशी निरांजन लावलं, की मी कपाटातून बाटली काढायची. पेल्याच्या तोंडावर यंत्र धरून घोटभर ओतायची. ते घटाघट असा आवाज करायचं, तान्हं बाळ दूध पितं तसा. मग पेला ह्यांच्या हातात. हे डोळे मिटून हुंगायचे आणि मी समोर बसून बघायची.

हुंगून झालं की ती वाइन मी नरसाळ्याने परत बाटलीत भरून ठेवायची. का, तर टाकवत नव्हती. मुलाने प्रेमाने आणलेली वस्तू, शिवाय जुनी दारू जितकी जुनी तितकी भारी, हे आपण ऐकलेलं असतंच. पुन्हा हवा लागेल, पुन्हा वास उघडेल, आपलं काय जातंय? तीस वर्षं रसायन शिकवलेल्या बाईचं हे डोकं. मला स्वतःला तो वास सोसायचा नाही. दिवसेंदिवस जास्तच उग्र होत चालला होता, डोळ्यांत पाणी यायचं. मी नाकाला पदर लावून ओतायची आणि मनात म्हणायची, लोक कसं पितात हे!

कामवालीने आठवडाभरात पेला पकडला. "अम्मा, ये क्या बास मारता?"

"साब की दवा है. नाक की," मी म्हटलं.

"हौ मा," ती भांडी घासता घासता म्हणाली, "मेरा मरद भी येइच दवा लेता. उसकी नाक तो नै खुली अब तलक." लिफ्टमधलं हसू तिथून सुरू झालं असा माझा संशय आहे.

पहिले बारा-तेरा दिवस हे हुंगायचे आणि म्हणायचे, "नाही ग." मग एके दिवशी बराच वेळ पेला नाकाशी धरून बसले. माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "द्राक्षं."

मी उठून उभी राहिले. "काय म्हणालात?"

"द्राक्षं येतायत. पिकलेली. ऊन लागलेली."

मी त्या यंत्राला नमस्कार केला, खोटं नाही सांगत. धाकट्या बहिणीला फोन केला, मुलाला केला, खालच्या मजल्यावर जाऊन सांगून आले. आणि एक जुनी वही काढली. प्रयोगाची नोंद ठेवायची सवय. तारीख घातली आणि पुढे लिहिलं, द्राक्षं.

त्यानंतर काही ना काही येत गेलं. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. एकदा म्हणाले, ओली माती. एकदा म्हणाले, गंधक. मी चकित झाले, पण द्राक्षाच्या वेलींवर गंधकाची भुकटी मारतात हे मला ठाऊक होतं, म्हणजे ह्यांचं नाक किती खोल पोचलंय बघा, असं बहिणीला सांगितलं. एकदा पेट्रोल. एकदा सुतळीचं पोतं. आणि एकदा पेला खाली ठेवून, दुसरीकडे बघत म्हणाले, "मरवा."

"मरवा? वाइनमध्ये?"

"मला आला, मी सांगितलं."

मी लिहिलं, मरवा.

मुख्य म्हणजे हे जेवायला लागले. आमटीची दुसरी वाटी मागायला लागले. मार्गशीर्षातल्या एका शुभ दिवशी मी सत्यनारायण घातला. नवसच बोलले होते. इमारतीतल्या सगळ्यांना बोलावलं. प्रसादाचा शिरा ह्यांच्या हातावर ठेवला तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "वा! केळं आणि वेलदोडा, दोन्ही वेगवेगळे येतायत." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

संक्रांतीला मुलगा पुन्हा आला. तिळगूळ झाला, गप्पा झाल्या, आणि संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत प्रयोग मांडला. बाटली, यंत्र, पेला, वही. घटाघट ओतलं, ह्यांच्या हाती दिलं. ह्यांनी डोळे मिटले, हुंगलं, आणि म्हणाले, "द्राक्षं. आज फार छान येतायत."

"बघू," म्हणत मुलाने पेला घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून सिंककडे धावला.

"आई! हे काय आहे?"

"तूच आणलेली. तीच बाटली."

"तीच? दिवाळीची? अजून?" तो बाटली उजेडात धरून बघायला लागला. "रोज ओतून परत भरत होतीस? अगं, हे व्हिनेगर झालंय. पक्कं व्हिनेगर! महिना तरी झाला असेल. यात द्राक्षाचा द सुद्धा नाही राहिला."

तो हसून हसून खुर्चीत पडला. म्हणाला, सॅलडला उपयोगी येईल, टाकू नको. मला काही ऐकू येत नव्हतं. अल्कोहोलला हवा लागली की त्याचं आम्ल होतं. हे समीकरण मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, आणि न लिहिणाऱ्या मुलींना बाकावर उभं केलंय. ते सगळं राहू दे. मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला होता, आणि पेपर उलटा होता.

मुलगा मित्रांना भेटायला बाहेर पडला. दार लागल्याबरोबर मी पेपर ओढून घेतला.

"किती दिवस?"

ह्यांनी पेपरासाठी हात पुढे केला.

"मी विचारतेय, किती दिवस खोटं बोलताय? पहिल्यापासून?"

"हो," हे म्हणाले.

"काहीच येत नाही?"

"काहीच नाही."

माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बहिणीला काय सांगू, इमारतीत काय तोंड दाखवू, सत्यनारायणाच्या प्रसादाला हात लावून खोटं बोललात, देवाची तरी लाज बाळगायची. आणि त्या सगळ्याच्या खाली जे होतं ते शेवटी बाहेर आलंच. म्हटलं, "मी रोज देवाला हात जोडले हो! मला वाटलं, आलात तुम्ही परत."

हे जमिनीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तू परेशान होत होतीस. पेला माझ्या हातात द्यायचीस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी. रोज तेच, नाही ग, नाही ग. तुझा चेहरा एवढासा व्हायचा. मला बघवेना. एक दिवस म्हणून टाकलं, द्राक्षं. तू अशी उठलीस, अशी हसलीस... मग नाही कसं म्हणू?"

"आणि जेवण? दुसरी वाटी?"

"वास येतोय म्हटल्यावर जेवायला नको?"

मला रडू येत होतं आणि रागही जात नव्हता. मी वही उचलली आणि त्यांच्यासमोर आपटली. "मग हे सगळं कुठून आणलंत? द्राक्षं एक वेळ समजू शकते. पेट्रोल? पोतं? मरवा? एवढी थापेबाजी तुम्हाला जमते, हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं."

"थापा नाहीत," हे म्हणाले. "आठवत होतं ते सांगितलं."

एवढंच बोलून उठले आणि बाल्कनीत गेले. मी चिडून वही उघडली. वेगवेगळ्या तारखांना लिहिलेलं सगळं पहिल्यांदाच सलग वाचलं. द्राक्षं, ऊन लागलेली. ओली माती. गंधक. पेट्रोल. सुतळीचं पोतं. मरवा. दुसऱ्यांदा वाचताना बोट मरव्यावर थांबलं.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा लागत होता. तेव्हा शमशाबादच्या रस्त्याला शहर संपलं की द्राक्षांच्या बागा सुरू व्हायच्या, हिरव्या अनाबशाही द्राक्षांच्या. आता तिथे वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत. त्यातल्या एका बागेची मोजणी ह्यांच्याकडे होती. एका रविवारी, सासूबाई देवळात गेलेल्या असताना, हे मला म्हणाले, "चल." मित्राची स्कूटर मागून आणली होती. टाकी गळायची तिची, सगळ्या रस्त्याने पेट्रोलचा वास. मी निघताना घाईघाईने केसांत अबोलीची वेणी माळली होती. अबोलीला वास नसतो म्हणून इथल्या फुलवाल्या तिच्यात मरवा गुंफतात. बागेत नुकतंच पाणी सोडलं होतं. शेजारच्या बागेत गंधक मारत होते. माळ्याने मांडवाखाली पोतं अंथरलं, वर घोस लोंबत होते, उन्हाने कोमट झालेले. दोघं तासभर बसलो असू. हे तेव्हाही काही बोलले नाहीत. द्राक्षं निवडून निवडून माझ्या ओंजळीत टाकत होते, बस. घरी आलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या, आणि त्यानंतर पुन्हा तसं जाणं झालं नाही. पुढे मूल, शाळा, बदल्या. मला वाटायचं, ती दुपार फक्त माझ्याच लक्षात आहे. एवढ्या वर्षांत ह्यांनी तिचा शब्द काढला नव्हता.

मी बाल्कनीत गेले. ह्यांच्या शेजारी उभी राहिले. शेवटी म्हटलं, "मरवा माझ्या केसांतला?"

"मग काय त्या बाटलीतला?" हे चिडून म्हणाले.

नाक आजतागायत आलेलं नाही. डॉक्टरांनीही आता तो विषय सोडलाय. बाटलीतलं व्हिनेगर मी कांद्यात घालून संपवलं, आणि यंत्र धुऊन कपाटात ठेवलंय, द्राक्षासवाच्या शेजारी. पण त्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जे झालं, ते सांगायचं राहिलं.

सकाळी मुलगा परत गेला. दुपारी हे न सांगता बाहेर पडले. कित्येक महिन्यांत एकटे गेले नव्हते. संध्याकाळी आले तेव्हा हातात पानात बांधलेली पुडी होती. थेट गौलीगुड्याच्या बाजारात जाऊन आले होते, बस बदलून.

"अबोली-मरवा," हे म्हणाले. "ताजा आहे का, फुलवालीला तीनदा विचारलं. चिडली बाई. म्हणाली, 'सूंघ के देख लो साब, नाक नै क्या?'"

"मग?"

"मी म्हटलं, 'नै.'"

हे सांगताना ते हसत होते. मी पुडी सोडली. "हुंगून बघितलंत?" तोंडातून निघूनच गेलं.

"बघितलं. काही येत नाही."

हुंगून झाल्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा ते असं सरळ बोलले, आणि माझा चेहरा पडला नाही. मी पुडी त्यांच्या हातात परत दिली आणि त्यांच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. माझे केस आता मूठभर राहिलेत आणि तेही पांढरे. ह्यांना जन्मात कधी वेणी माळायची वेळ आली नव्हती. चाचपडत दोन आकडे खोचले, एक टाळूला टोचला.

"येतोय का?" त्यांनी मागून विचारलं.

"येतोय," मी म्हटलं. "मरवा येतोय. ओली माती येतेय. गंधक."

ह्यांचा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला.

"हल्लू हल्लू सांग," ते म्हणाले. "पुढे?"